मनोऱ्यातील मनोरा

१८८३ साली फ्रान्समध्ये एक नवे खेळणे विक्रीस आले. एका लाकडी पाटावर तीन खुंट्या उभ्या केलेल्या होत्या आणि त्यांपैकी एका खुंटीत, मध्यभागी भोके पाडलेल्या आठ लाकडी चकत्या ओवलेल्या होत्या. सर्वांत मोठी चकती तळाशी, तिच्यावर तिच्याहून लहान, तिच्यावर आणखी लहान, अशी त्यांची रचना होती. आपल्याकडे मडक्यांची उतरंड रचतात, तशीच ती चकत्यांची उतरंड दिसे. ही सारी उतरंड एका खुंटीवरून काढून दुसऱ्या खुंटीवर जशीच्या तशी रचावयाची, एवढेच खेळणाऱ्याचे काम होते. मात्र दोन नियम कसोशीने पाळावे लागत. एका वेळी एकच चकती हलवावयाची. आणि मोठी चकती लहान चकतीवर कधीही ठेवावयाची नाही.

या खेळण्याचे नाव होते हनोईचा मनोरा. त्या काळी फ्रान्सचे सैन्य आजच्या व्हिएतनामच्या उत्तर भागात लढत होते, त्यामुळे हनोई हे नाव फ्रेंच लोकांच्या कानांवरून जात असे. खेळण्याचा कर्ता म्हणून सयाम देशातील एन. क्लाउस नावाच्या एका विद्वानाचा उल्लेख होता, आणि हा विद्वान ली-सू-स्त्यान नावाच्या विद्यालयात शिकवितो, असेही सांगितलेले होते. पण असा विद्वान सयाममध्ये नव्हता आणि असे विद्यालयही कोठे नव्हते. फ्रेंच लिपीतील त्या नावाची अक्षरे उलटसुलट करून पुन्हा जुळविली, की त्यांतून आमियें गावचा ल्यूका असे नाव तयार होई. आणि विद्यालयाच्या नावातील अक्षरांतून पॅरिसच्या सें-लुई विद्यालयाचे नाव निघे. पूर्वेकडील पंडिताचा वेष घेऊन लोकांपुढे आलेला हा मनुष्य म्हणजे त्या विद्यालयातील गणिताचा शिक्षक एदुआर ल्यूका हा होय.

एदुआर ल्यूकाचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी उत्तर फ्रान्समधील आमियें या शहरी झाला. लहानपणापासून त्याची बुद्धी तीव्र होती. १८६१ साली त्याला पॅरिसमधील एकोल नोर्माल या विख्यात संस्थेत प्रवेश मिळाला. उत्तम शिक्षक तयार करणारी संस्था म्हणून तिची ख्याती होती आणि तेथे प्रवेश मिळणे हा मोठा मान समजला जाई. १८६४ साली तेथील शिक्षण पुरे करून ल्यूका पॅरिसच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून काम करू लागला. त्या वेळी वेधशाळेचा प्रमुख ल व्हेरिए हा होता. दुर्बिणीतून कोणी नेपच्यून ग्रह ओळखण्यापूर्वीच केवळ आकडेमोडीच्या बळावर ज्याने त्याचे आकाशातील स्थान सांगितले, तोच हा ज्योतिर्विद. अशा ठिकाणी तरुण ल्यूकाला लांबलचक गणिते न कंटाळता आणि न चुकता करण्याची सवय लागली असल्यास नवल नाही.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यामध्ये युद्ध पेटले. ल्यूकाला वेधशाळा सोडावी लागली आणि तो तोफखान्यात अधिकारी म्हणून दाखल झाला. या युद्धात फ्रान्सचा पराभव झाला. युद्ध संपल्यावर ल्यूकाने शिक्षकाचा पेशा पत्करला. प्रथम त्याने मूलँ या गावच्या विद्यालयात काही वर्षे गणित शिकविले. नंतर तो पॅरिसला आला आणि शार्लमान्य व सें-लुई या नामांकित विद्यालयांत अध्यापन करू लागला. कोणत्याही विद्यापीठाचे आसन त्याला लाभले नाही. शाळेतील मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात अंकांचा अभ्यास करावा, हाच त्याचा अखेरपर्यंतचा क्रम होता.

अंकांच्या अभ्यासात ल्यूकाला एका गोष्टीचे विशेष आकर्षण होते. काही रचना अशा असतात, की त्यांच्या पोटात त्यांचीच लहान प्रतिकृती दडलेली असते. तोफगोळ्यांची रास घ्या. तळाशी चौरस थर, त्यावर त्याहून लहान चौरस थर, असे करीत शेवटी शिखरावर एकच गोळा. तळाचा थर काढून घेतला, तर उरते ती तशीच पण थोडी लहान रास. १८७५ साली ल्यूकाने अशा राशीविषयी एक कोडे गणितज्ञांपुढे ठेवले. २४ थरांची रास रचली, तर तीत ४,९०० गोळे लागतात, आणि तेच गोळे जमिनीवर पसरले तर ७० ओळी व प्रत्येक ओळीत ७० गोळे असा पूर्ण चौरस होतो. एकच गोळा असलेली रास सोडली, तर असा योग दुसऱ्या कोणत्याही राशीत येत नाही, हे सिद्ध करून दाखवावे, असे ते आव्हान होते. कोडे दिसावयास सोपे; परंतु त्याची परिपूर्ण सिद्धता मिळण्यास १९१८ साल उजाडावे लागले.

अंकांच्या एका प्रसिद्ध मालिकेचाही ल्यूकाने कसून अभ्यास केला. १, १, २, ३, ५, ८, १३ अशी ती मालिका असून तीतील प्रत्येक अंक आपल्या आधीच्या दोन अंकांची बेरीज असतो. भारतातील छंदशास्त्राच्या अभ्यासकांना ही मालिका फार पूर्वीपासून ठाऊक होती आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने तिचा नियम सांगितला होता. युरोपात १२०२ साली फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या ग्रंथात ती आली. तिला फिबोनाचीचे नाव देऊन ते रूढ केले ल्यूकाने. त्याच नियमाने चालणारी, पण २ आणि १ या अंकांनी सुरू होणारी मालिका आज ल्यूकाच्या नावाने ओळखली जाते. आधीच्या पदांवरून पुढचे पद मिळवावयाचे, आणि हाच नियम पुनःपुन्हा लावीत जावयाचे, ही या मालिकांची रीत ल्यूकाच्या सर्व कार्याचे सूत्र ठरली.

या सूत्राच्या आधारे १८७६ साली त्याने एक अपूर्व कार्य केले. ज्या संख्येला १ आणि ती संख्या यांखेरीज दुसऱ्या कशानेही भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. मेर्सेन नावाच्या एका फ्रेंच धर्मगुरूने सतराव्या शतकात असे प्रतिपादन केले होते, की २ हा अंक १२७ वेळा घेऊन गुणाकार केला आणि आलेल्या संख्येतून १ वजा केला, तर उरणारी संख्या मूळ असते. ती संख्या ३९ अंकी आहे. तिला एकेका संख्येने भागून पाहू म्हटले, तर कोट्यवधी वर्षे पुरणार नाहीत. म्हणून दोनशे वर्षांहून अधिक काळ मेर्सेनचे म्हणणे खरे की खोटे, हे कोणालाच सांगता आले नव्हते.

ल्यूकाने भागाकारांची ही वाट सोडून दिली आणि एक साधा नियम शोधून काढला. ३ या अंकापासून आरंभ करावयाचा. त्याचा वर्ग करून त्यातून २ वजा केले, की ७ येतात. ७ चा वर्ग करून २ वजा केले, की ४७ येतात. असेच पुढे चालावयाचे आणि दर वेळी, आलेली संख्या तपासावयाच्या संख्येहून मोठी झाली, तर तिला त्या संख्येने भागून केवळ बाकी जवळ ठेवावयाची. १२७ ही लहान संख्या घेऊन पाहिले, तर ३, ७, ४७, ४८, १६ अशी पदे येतात आणि सहाव्या पदाला बाकी शून्य उरते. बाकी शून्य आली, म्हणजे १२७ ही संख्या मूळ आहे, असे सिद्ध होते. हीच रीत त्या प्रचंड संख्येला लावली, तर सुमारे सव्वाशे पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर ३९ अंकी संख्यांचे गुणाकार आणि भागाकार, तेही कागदावर हाताने करावयाचे! एका पायरीवर एक अंक चुकला, तर पुढच्या साऱ्या पायऱ्या कोसळाव्यात, असे ते काम होते. अध्यापन सांभाळून ल्यूकाने ते तडीस नेले आणि ही संख्या मूळ आहे, असे जाहीर केले. पुढे १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे, याहून मोठी मूळ संख्या जगात कोणाला सापडली नाही. यंत्राच्या मदतीवाचून सिद्ध झालेली सर्वांत मोठी मूळ संख्या हा मान तिच्याकडे आजही आहे.

मेर्सेनचे दुसरे एक विधान मात्र ल्यूकाने खोटे ठरविले. २ हा अंक ६७ वेळा घेतल्याने होणाऱ्या तशाच संख्येला कोणत्या तरी संख्येने भाग जातोच, हे त्याने दाखवून दिले. आश्चर्याची गोष्ट ही, की तो भाजक कोणता, हे न शोधताच त्याने हे सिद्ध केले होते. ते भाजक एका अमेरिकन गणितज्ञाने १९०३ साली शोधून काढले.

इतके गहन कार्य करणारा हा मनुष्य खेळण्याच्या पेटीत का रमावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. परंतु ल्यूकाच्या दृष्टीने खेळ आणि गणित या दोन निराळ्या गोष्टी नव्हत्याच. कोडी, सोंगट्या, एकमेकांत अडकविलेल्या कड्या, बुद्धिबळाचा पट या साऱ्यांमध्ये त्याला गणिताचे नियम दिसत. गणितातील मनोरंजनावर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे दोन भाग १८८२ आणि १८८३ साली निघाले व उरलेले दोन त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. कागदावर ठिपके मांडून रेघांनी चौकोन पुरे करण्याचा जो खेळ आज शाळेतील मुले वहीच्या मागील पानावर खेळतात, तोही १८८९ साली त्यानेच प्रसिद्धीस आणला. परंतु त्याचे नाव घरोघरी पोहोचविले ते हनोईच्या मनोऱ्यानेच.

आठ चकत्यांचा मनोरा समोर ठेवला, की मनुष्य प्रथम गोंधळून जातो. कोणती चकती आधी हलवावी आणि कोठे ठेवावी, हे त्याला उमगत नाही. पण या गोंधळातून बाहेर पडण्याची एक वाट आहे. तळाची सर्वांत मोठी चकती हलवावयाची असेल, तर तिच्यावरील सात चकत्या आधी मधल्या खुंटीवर गेल्याच पाहिजेत. उतरंडीच्या तळच्या मडक्यातील धान्य हवे असेल, तर वरची मडकी आधी खाली उतरवावीच लागतात, तसेच हे आहे. त्या सात चकत्या गेल्या, की मोठी चकती एका चालीत पलीकडे नेता येते. आणि मग त्याच सात चकत्या पुन्हा तिच्यावर आणून रचल्या, की काम संपते. म्हणजे आठ चकत्यांचे कोडे सुटण्यासाठी सात चकत्यांचे कोडे दोनदा सोडवावे लागते. सात चकत्यांच्या कोड्यात सहांचे, सहांच्या कोड्यात पाचांचे कोडे दडलेले असते. असे उतरता उतरता शेवटी एकच चकती उरते, आणि ती कशी हलवावी, हे लहान मूलही जाणते. मनोऱ्यात मनोरा, त्यात पुन्हा मनोरा आणि सर्वांना एकच रीत लागू!

चालींची संख्याही याच रीतीने कळते. एका चकतीला १ चाल लागते. दोन चकत्यांना त्याच्या दुप्पट आणि वर एक, म्हणजे ३ चाली. तीन चकत्यांना ७, चार चकत्यांना १५ आणि आठ चकत्यांना २५५ चाली लागतात. या खेळाबरोबर लवकरच एक कथाही पसरली. काशीच्या एका मंदिरात हिऱ्याच्या तीन सुया असून त्यांपैकी एकीवर सृष्टीच्या आरंभी ६४ सुवर्णचकत्या ओवलेल्या होत्या; तेथील पुजारी रात्रंदिवस त्या हलवीत आहेत आणि शेवटची चकती जागी बसताच जगाचा अंत होईल, असे त्या कथेत सांगितले होते. काशीत असे मंदिर नाही. कथा सर्वस्वी कल्पित आहे. तिच्यातील गणित मात्र खरे आहे. ६४ चकत्यांना १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ चाली लागतात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट दाणे ठेवीत गेल्याची जी गोष्ट आपल्याकडे सांगतात, तीतील दाण्यांची संख्याही नेमकी हीच आहे. प्रत्येक सेकंदाला एक चाल केली, तरी हे काम संपावयास ५८ हजार कोटींहून अधिक वर्षे लागतील!

कोड्यात तसलेच लहान कोडे पाहण्याची ही दृष्टी ल्यूकाच्या आधीही गणितात होती. पण ती लहान मुलाच्या हाती देता येईल, असे रूप तिला ल्यूकाने दिले. संगणक त्याने पाहिला नव्हता. तरीही आज जगभर संगणकाला आज्ञा लिहावयास शिकणारे विद्यार्थी हनोईचा मनोरा सोडवून ही दृष्टी आत्मसात करतात. काम करता करता जी आज्ञावली त्याच कामाच्या लहान भागासाठी पुन्हा स्वतःलाच बोलाविते, तिला रिकर्सिव्ह फंक्शन असे म्हणतात.

संकेतस्थळे तयार करणाऱ्यांना तिचा उपयोग कसा होतो, ते एका उदाहरणावरून समजेल. संगणकात माहिती ओळीने मांडून ठेवण्याच्या रचनेला ॲरे म्हणतात. एखाद्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर पुस्तकांची यादी आहे, असे समजा. त्या यादीत काही सुटी पुस्तके आहेत, काही ठिकाणी पुस्तकाऐवजी विषयाची एक आतली यादी आहे, आणि त्या आतल्या यादीतही कोठे कोठे आणखी एक यादी आहे. डब्यात डबी आणि डबीत लहान डबी असावी, तशी ही रचना. आता सर्व पुस्तके एकाच सरळ ओळीत आणावयाची आहेत. याद्या किती खोल गेल्या आहेत, हे मात्र आधी ठाऊक नाही. अशा वेळी प्रत्येक थरासाठी निराळी आज्ञा लिहीत बसलो, तर आज्ञा कधी पुऱ्याच होणार नाहीत. म्हणून संगणकाला एकच नियम सांगतात. यादीतील वस्तू क्रमाने उचलावी. ती पुस्तक असेल, तर ओळीत ठेवावी. ती यादी असेल, तर तिला हाच नियम लावून आतील पुस्तके ओळीत ठेवावी आणि मग पुढे जावे. एवढ्या लहान नियमाने कितीही खोल गुंतलेली रचना उलगडते. जावास्क्रिप्ट या भाषेत तर या नित्याच्या कामासाठी २०१९ पासून एक तयार आज्ञाच देण्यात आली आहे.

मात्र या रीतीत एक पथ्य पाळावे लागते. कोठे थांबावयाचे, हे नियमात स्पष्ट सांगितलेले असले पाहिजे. मनोऱ्याच्या कोड्यात एकच चकती उरली, की थांबावयाचे. याद्यांच्या कामात आत यादी उरली नाही, की थांबावयाचे. ही मर्यादा सांगण्यास जो विसरतो, त्याचा संगणक स्वतःलाच बोलावीत राहतो आणि अखेर त्याची स्मृती भरून जाऊन काम अर्ध्यावर बंद पडते.

१८९१ साली ल्यूकाच्या संख्याशास्त्रावरील ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. पुढील भाग त्याच्या मनात होते. पण ते लिहून होणे त्याच्या नशिबी नव्हते. त्याच वर्षी मार्सेय येथे फ्रान्समधील वैज्ञानिकांची वार्षिक परिषद भरली आणि तिच्या निमित्ताने मेजवानी झाली. मेजवानीत वाढणाऱ्या एका माणसाच्या हातून चिनी मातीची भांडी निसटून फुटली आणि त्यांतील एक तुकडा उडून ल्यूकाच्या गालाला लागला. जखम लहानशीच होती. परंतु जखमेतून विषार पसरला, त्वचेला दाहक रोग जडला आणि थोड्याच दिवसांत, ३ ऑक्टोबर १८९१ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. अशा रोगावर गुणकारी औषधे तेव्हा उपलब्ध नव्हती.

ल्यूकाचा ग्रंथ अपुरा राहिला. त्याची रीत मात्र पुढे चालत राहिली. मूळ संख्या ओळखण्याचा त्याचा नियम १९३० साली लेमर या अमेरिकन गणितज्ञाने अधिक सुटसुटीत केला. २०२४ साली ४ कोटींहून अधिक अंकांची एक मूळ संख्या सापडली, तेव्हा तिची खात्री करून घेण्यासाठी संगणकांनी हाच नियम वापरला. ज्या पायऱ्या ल्यूका हातात लेखणी घेऊन एकेक करून चढला होता, त्याच पायऱ्या यंत्रांनी कोट्यवधी वेळा चढून दाखविल्या.

खुंट्यांवरचा तो लाकडी मनोराही अजून खेळला जातो. प्रथम खेळणारा आठ चकत्यांकडे पाहून गोंधळतो. मग तो सात चकत्यांचा विचार करू लागतो, नंतर सहांचा, आणि शेवटी वरची लहानशी चकती उचलतो. कोठून आरंभ करावा, हे एव्हाना त्याला कळलेले असते.